चिठ्ठी, दाम आणि आंबट द्राक्षे

एखाद्या चौकशीतून कोणी निर्दोष बाहेर पडला की, त्याला 'क्लीन चिट' मिळाल्याचे मराठी वृत्तपत्रे छापतात. भाषाशुद्धीचा आग्रह धरणारे वाचक अशा वेळी नाराज होतात आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. मात्र या जोडशब्दातला दुसरा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. तो आपल्या चिठ्ठीचा आहे. कंपनीच्या अमदानीत गोऱ्या साहेबाकडे चाकरी मागायला येणारा खानसामा किंवा मशालजी आधीच्या धन्याने दिलेली वर्तणुकीची चिठ्ठी पुढे करी. साहेब लोक तिला 'चिटी' आणि पुढे नुसते 'चिट' म्हणू लागले. चिठ्ठीत वावगे काही लिहिलेले नसले म्हणजे ती स्वच्छ. गड्याच्या हातातला हा कागद पुढे मंत्र्यांच्या आणि कारखानदारांच्या हाती आला, आणि इंग्रजी पेहराव करून मराठीत परतला तेव्हा आपण त्याला परका ठरवले.

चिठ्ठीच्या या प्रवासाची नोंद ज्या कोशात आहे, त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या शब्दांचा आणि वाक्प्रचारांचा हा जाडजूड कोश १८८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. नावही त्या बोलीतलेच. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत म्हटला जाणारा 'या हसन! या हुसेन!' हा शोकघोष गोऱ्या शिपायांच्या कानांना जसा ऐकू आला, तसा तो त्यांनी उच्चारला आणि त्यातून दोन इंग्रज आडनावांची ही विनोदी जोडी तयार झाली. ज्यांच्या दुःखाचा तो घोष होता त्यांना हा विनोद कसा वाटला असेल, हे त्या काळी कोणी विचारले नाही.

कोशाचे कर्ते दोन. त्यांपैकी कर्नल हेन्री यूल यांचे नाव मार्को पोलोच्या प्रवासवृत्ताच्या संपादनामुळे सर्वत्र पोहोचले. दुसरे आर्थर कोक बर्नेल हे तंजावरचे न्यायाधीश होते. कज्जेदलाली ऐकून उरलेल्या वेळात त्यांनी तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महालाच्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली. ती १८७९-८० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि युरोपातील संस्कृत पंडितांना या संग्रहाची खरी ओळख त्या सूचीने करून दिली. पोथ्यांच्या सूचीचे हे काम आणि बोलभाषेतील शब्दांची टिपणे, हे दोन्ही उद्योग एकाच माणसाचे होते. यूल तेव्हा सिसिलीत पालेर्मो येथे राहत. बर्नेल मद्रास इलाख्यातून त्यांना पत्रे लिहीत. दोघांची तोवर एकदाच भेट झाली होती. या पत्रव्यवहारातून कोश उभा राहिला. तो छापून झालेला मात्र बर्नेल यांना पाहता आला नाही. हिंदुस्थानच्या हवेने प्रकृती पार खालावली आणि १८८२ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते इंग्लंडमध्ये निवर्तले.

बृहदीश्वराच्या मंदिरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर हा राजवाडा आहे. नायक राजांनी तो बांधायला घेतला. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्रबंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले, आणि पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षे तेथे भोसल्यांचे वास्तव्य राहिले. पोथ्या नायकांच्याही होत्या, भोसल्यांच्याही. तमिळ देशात, तेलुगू परंपरेच्या दरबारात, मराठी बोलणारे राजे संस्कृत ग्रंथ जमवीत होते आणि जवळच तरंगंबाडीला डॅनिश व नागपट्टणला डच येऊन बसले होते. शब्दांची जकात चुकवून इकडचा माल तिकडे जावा, अशीच ही जागा.

हॉब्सन-जॉब्सनची पद्धत साधी आणि कठोर होती. शब्दाची व्युत्पत्ती द्यायची, आणि तिच्या खाली जुन्या प्रवासवृत्तांतून, कंपनीच्या पत्रांतून, खलित्यांतून सालवार उतारे लावून द्यायचे. कोणी काय सांगतो यापेक्षा कोणत्या साली कोणी काय लिहिले, याला मान. न्यायाधीशाने साक्षीपुरावा मागावा तशी ही रीत आहे. त्याच सुमारास, १८८४ पासून, ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश भागाभागांनी निघू लागला होता आणि त्याची रीतही हीच होती.

या कोशाच्या पानांतून इलाख्याइलाख्याचे इंग्रज एकमेकांना काय म्हणत तेही कळते. बंगालचा साहेब म्हणजे 'क्वाय-हाय', कारण तो बसल्या जागेवरून सतत 'कोई है?' म्हणून हाका मारी. मुंबईचा साहेब म्हणजे 'डक'. आपल्या कोळीवाड्यांतील सुक्या बोंबलाला इंग्रजांनी 'बॉम्बे डक' म्हटले, त्यातला हा डक. आणि मद्रासचा साहेब 'मल'. हा मल 'मलिगटॉनी' या शब्दाचा तुकडा. तमिळमध्ये मिळगु म्हणजे मिरी आणि तण्णीर म्हणजे पाणी. मिळगुतण्णीर म्हणजे मिऱ्यांचे पाणी, आपल्या साराचा तमिळ भाऊ. इंग्रजी उपाहारगृहांत पुढे मटण, मलई आणि करीपूड घालून त्याचे जे सूप झाले, ते तंजावरच्या कुठल्याही घरात ओळखले जाणार नाही. या शब्दाचा कोशातला जुना दाखला १७८४ सालचा आहे: बेंगळूरच्या कैदेत पडलेल्या एका इंग्रजाने रचलेले गाणे. कैदेत जेवायला मिरपाणी आणि कांजी मिळते, अशी त्याची तक्रार. साहेबाच्या मेजवानीतला पहिला पदार्थ मुळात कैद्याचे जेवण होता, हे बहुधा नंतरच्या मेजवान्यांत कोणाला आठवत नसे. बर्नेल स्वतः मद्रास इलाख्याचे नोकर, म्हणजे एक 'मल'च.

'कॅश' या शब्दाची कथा आणखी फसवी आहे. बृहदीश्वराच्या भिंतींवर राजराज चोळाचे जे लेख आहेत, त्यांत देवाला दिलेल्या देणग्या 'कासु' या नाण्यात मोजलेल्या आढळतात. हा तमिळ कासु पोर्तुगीजांच्या तोंडी 'काइशा' झाला, आणि इंग्रजांनी त्याचे 'कॅश' केले. तरंगंबाडीच्या डॅनिश टांकसाळीतूनही याच नावाची तांब्याची नाणी निघत. तेव्हा खिशातल्या रोख रकमेला इंग्रजीत कॅश म्हणतात ती या तमिळ नाण्यावरून, असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण रोख रकमेचा कॅश वेगळा. तो लॅटिनमधल्या पेटीवाचक शब्दापासून इटालियन व फ्रेंच मार्गे आला. आधी पैशाची पेटी, मग पेटीतला पैसा. दोन अनोळखी माणसांचा चेहरा सारखा निघावा, तशी ही जुळणी. कोशकारांनी दोघांना वेगळे ठेवले. एवढा मोह आवरणे सोपे नसते, आणि लवकरच दिसेल की तो त्यांना दर वेळी आवरला असेही नाही.

याच प्रदेशातून गेलेला एक शब्द मात्र हसत सांगण्यासारखा नाही. समाजाने बाहेर टाकलेल्या माणसाला, आणि आता तर नको झालेल्या राष्ट्रालाही, इंग्रजीत 'पराया' म्हणतात. तमिळमध्ये परै म्हणजे ढोल. तो वाजविण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या परैयर जातीचे नाव त्यावरून पडले, असे कोशात सांगितले आहे. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती ज्यांच्या कष्टांवर उभी राहिली, त्यांत हे लोक प्रमुख. युरोपात या शब्दाला आजचा अर्थ चिकटला तो मोठ्या प्रमाणात पुस्तकांमुळे. १७९१ मध्ये बेर्नार्दँ द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाने एका परैयाला नायक करून कथा लिहिली. ती सहानुभूतीने लिहिलेली होती आणि युरोपभर वाचली गेली. सहानुभूतीचा परिणाम असा की, जिवंत लोकांच्या जातीचे नाव जगभर बहिष्कृताला समानार्थी झाले. वापरणाऱ्याला आता ढोलही ऐकू येत नाही आणि माणूसही दिसत नाही. त्याच नावाचा स्वाभिमानाने वापर करून रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली मद्रासमध्ये 'परैयन' हे वृत्तपत्र काढले, ही गोष्ट इंग्रजी वाक्प्रचारांच्या लोकप्रिय पुस्तकांत सहसा येत नाही. मराठीतही जातींच्या नावांवर बेतलेल्या म्हणी कमी नाहीत. त्यांचा उगम शोधणे हे कोशकाराचे काम आहेच. पण उगम रंजक असला म्हणजे वापर निर्दोष ठरतो, असे मात्र नाही.

आता दामाकडे वळतो. एखाद्या गोष्टीची मुळीच पर्वा नाही असे सांगताना इंग्रज माणूस 'डॅम' हा शब्द वापरतो आणि सभ्य समाजात तो शाप म्हणून गणला जातो. यूल आणि बर्नेल यांच्या कोशात 'दाम' या शब्दाखाली मिस्किलपणे सुचविले आहे की, यात शाप नसावाच. बोलणारा हिंदुस्थानातल्या तांब्याच्या दामाविषयी बोलत असावा आणि 'मला एका दामाचीही फिकीर नाही' एवढेच म्हणत असावा. अकबराच्या काळी चाळीस दामांचा एक रुपया होई. असे क्षुल्लक नाणे उपेक्षा दाखविण्यास अगदी योग्य.

मराठी माणसाला ही उपपत्ती चटकन पटते, कारण आपली भाषा याच नाण्यावर चालते. 'दाम करी काम' आपण म्हणतो. कंजूष माणसाची चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. ही दमडी त्या दामाची लेक. 'एक छदामही देणार नाही' असे ठणकावून सांगताना आपण सहा दामांचा हिशेब करतो याची कितीजणांना जाणीव असते? छ म्हणजे सहा, आणि सहा दाम म्हणजे पैशाचा जवळजवळ चौथा हिस्सा. आणि दाम तरी आपला कुठला? त्याच्या मागे संस्कृतातला द्रम्म आहे, जो कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत जागोजागी भेटतो. आणि द्रम्माच्या मागे ग्रीकांचा द्राख्मा. अलेक्झांडरनंतर वायव्येकडे राज्य करणाऱ्या यवन राजांच्या नाण्यांबरोबर हा शब्द आला, आणि दोन हजार वर्षांत झिजत झिजत दमडी झाला. 'दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला' म्हणणाऱ्या गृहिणीच्या तोंडी अथेन्सचे नाणे आहे.

असे सगळे जुळत असतानाही त्या इंग्रजी वाक्प्रचाराचा संबंध आपल्या दामाशी नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ही सूचना नाकारली. शापवाचक डॅम इंग्रजीत फार जुना आहे. 'शापाच्याही मोलाचा नाही' अशा अर्थाची वाक्ये त्या भाषेत दुसऱ्या शब्दांनीही होत आणि नाण्याचा अर्थ दाखविणारा एकही जुना उतारा सापडत नाही. ज्या कोशाने उताऱ्यांवाचून बोलू नये हा नियम घालून दिला, त्याच कोशात बिनउताऱ्याची ही एक थाप शिरली. ती थट्टेने लिहिली होती असे मजकुरावरून दिसते. पुढच्यांनी थट्टा गाळली आणि व्युत्पत्ती ठेवली.

अशा थापांचे पीक जोमदार असते. उंची, श्रीमंती थाटाच्या वस्तूला इंग्रजीत 'पॉश' म्हणतात आणि आता मराठीतही. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना बोटीच्या डाव्या अंगाच्या आणि परतताना उजव्या अंगाच्या खोल्या उन्हापासून दूर म्हणून महाग. तिकिटावर त्या चार शब्दांची आद्याक्षरे छापत, त्यावरून पॉश झाला, ही कथा सुशिक्षितांच्या घरोघर सांगितली जाते. तसे छापलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. कथा इतकी नेटकी आहे, हाच तिच्याविरुद्धचा पहिला पुरावा समजावा.

उलट, जी कथा ऐकताना खोटी वाटते ती खरी निघते. डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डुलॅली' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गोऱ्या पलटणींची छावणी उभी राहिली. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यासाठी येथे आणून ठेवीत. सैन्य नेणारी जहाजे मुंबईहून हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, आणि हंगाम चुकला की माणूस महिनोन्महिने बसून राही. काम नाही, घरी जाता येत नाही, उन्हाळा आणि दारू. त्यात कित्येकांची वागणूक बिघडे. शिपाई त्याला 'डुलॅली टॅप' म्हणत; टॅप म्हणजे ताप. शिपाई फ्रँक रिचर्ड्झ यांनी आपल्या हिंदुस्थानातील नोकरीच्या आठवणी १९३६ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यांत देवळालीचा हा महिमा वर्णिलेला आहे. पुढे शेपटातला ताप गळला आणि देवळाली उरली. आज लंडनमधली आजी नातवाला लाडाने डुलॅली म्हणते तेव्हा तिला तोफखान्याच्या शाळेचे हे गाव ठाऊक नसते. आपण मात्र अजूनही 'डोक्याला ताप' असे म्हणतो आणि तेही जवळपास त्याच अर्थाने.

येथवर इकडून तिकडे गेलेल्या शब्दांचा हिशेब झाला. तंजावरच्या राजवाड्यातून उलट दिशेचा एक दरवाजाही उघडला होता, आणि तो बर्नेल यांच्या कितीतरी आधी.

सरफोजीराजे दुसरे हे १७९८ मध्ये गादीवर आले. त्यांच्या बालपणावर देखरेख केली ती श्वार्ट्‌झ या जर्मन पाद्र्याने; तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनबरोबर तो दक्षिणेत आला होता. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि महाराजांच्या हाती किल्ला व राजवाडा एवढेच उरले. ज्याचे राज्य गेले त्याने काय करावे? सरफोजींनी ग्रंथ जमविले, वैद्यकाचे प्रयोग केले, शाळा काढल्या आणि छापखाना घातला. 'नवविद्याकलानिधि' या नावाच्या त्या छापखान्यात देवनागरी अक्षरांत मराठी व संस्कृत पुस्तके छापली गेली. त्यांतले एक १८०६ सालचे: सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या नीतिकथा, नाव 'बालबोध मुक्तावली'. मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटेचे हे पुस्तक आहे. पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव पेशवे होते आणि मुंबईत एल्फिन्स्टन गव्हर्नर व्हायला तेरा वर्षे अवकाश होता.

शीर्षकातला 'बालबोध' हा शब्दही थांबून पाहण्याजोगा आहे. मोडी ही लगबगीच्या कारभाराची, हात न उचलता लिहायची लिपी; मुलांनाही कळावी अशी सुटी, स्वच्छ देवनागरी ती बाळबोध. या लिपीचे वळण सरळ, म्हणून सरळ जुन्या रीतीच्या माणसाला आपण 'बाळबोध वळणाचा' म्हणू लागलो. वळण हा मुळात अक्षराचा गुण. मुलाला वळण लावायचे असते, ते आधी पाटीवर लावायचे असते.

इसापच्या कथांनी इंग्रजीला किती वाक्प्रचार दिले याची मोजदाद कठीण आहे. आंबट द्राक्षे, सिंहाचा वाटा, गव्हाणीतला कुत्रा, सोन्याची अंडी, लांडगा आल्याची हाकाटी, मांजराच्या गळ्यातली घंटा. यांतले बहुतेक आपण मराठी म्हणूनच वापरतो. महाराष्ट्रातील मुलांच्या तोंडी ते रुळले ते मुख्यतः शाळेच्या पुस्तकांतून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या 'इसापनीतिकथा' १८२८ मध्ये मुंबईत निघाल्या आणि पुढच्या पिढ्या त्यांवर आणि त्यांच्या वंशजांवर वाढल्या. तंजावरचा मान आधीचा, प्रसार मुंबईचा.

भाषांतर होताना प्राणी बदलले. इंग्रजीत द्राक्षांखाली उड्या मारतो तो खोकड. मराठीत आला तो कोल्हा. खोकड आपल्या माळरानावर आहे, पण त्याच्या नावावर कथा नाही. पंचतंत्रातल्या करटक-दमनकांपासून धूर्तपणाचे वतन कोल्ह्याकडे असल्यामुळे इसापच्या खोकडाला कोल्ह्याच्याच कातड्यात यावे लागले. द्राक्षांचेही तसेच. दौलताबादच्या द्राक्षांची वाखाणणी चौदाव्या शतकात इब्न बतूताने केली आहे. तरी नाशिककडच्या बागा विसाव्या शतकात फोफावेपर्यंत सामान्य मराठी घरात द्राक्ष हे औषधाला मनुका म्हणूनच येई. ज्यांनी ती कधी चाखली नव्हती, ते पिढ्यान्‌पिढ्या 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' म्हणत राहिले. आणि मूळ ग्रीक कथेत ती आंबट नाहीतच, कच्ची आहेत. लॅटिनमध्ये फीड्रसनेही ती न पिकलेली म्हटली आहेत, फ्रेंचमध्ये ला फाँतेनने हिरवी. इंग्रजीत आंबटपणा आला त्याला बायबलचाही हातभार लागला असावा. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, असे वचन तेथे जुन्या करारात आहे. अर्थ अगदी निराळा, शब्द तयार.

सिंहाच्या वाट्याचा अर्थही झिजून मवाळ झाला आहे. आपण मोठा वाटा या अर्थाने तो वापरतो. कथेत सिंह एकेक कारण सांगत सगळीच शिकार घेतो, सोबत्यांना काही उरत नाही. रोमन कायद्यात एकाने सगळा नफा घ्यायचा आणि दुसऱ्याने फक्त तोटा सोसायचा अशा भागीदारीला 'सिंहाची भागीदारी' म्हणत आणि ती अवैध मानत. १७९९ चा तह वाचताना ही संज्ञा आठवल्यावाचून राहत नाही.

गव्हाणीतला कुत्रा हा तर ग्रंथालयात सांगण्याचाच वाक्प्रचार. स्वतः गवत खात नाही आणि बैलालाही खाऊ देत नाही असा तो कुत्रा इसापच्या प्राचीन संग्रहांत नाही. युरोपातील पंधराव्या शतकाच्या छापील संग्रहांतून तो इसापच्या घरी दत्तक गेला. पण म्हण त्याहून फार जुनी. दुसऱ्या शतकातील लूशिअन या ग्रीक लेखकाने एका धनिकाची टर उडविणारा लेख लिहिला आहे. हा गृहस्थ ग्रंथ विकत घेतच राहतो, त्याला त्यांतले कळत काही नाही आणि दुसऱ्याला तो देतही नाही. लूशिअन त्याला गव्हाणीतल्या कुत्र्याची उपमा देतो, जो स्वतः जव खात नाही आणि घोड्यालाही खाऊ देत नाही. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाविषयी बोलताना ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, तंजावरची गव्हाण उघडी राहिली. सरफोजींनी पाश्चात्त्य पुस्तकांवर आपली स्वाक्षरी केलेली आढळते आणि ती पुस्तके शोभेची नव्हती. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले, गादी खालसा झाली. तरी संग्रह वाचला, आणि १९१८ मध्ये राजघराण्याच्या वारसांच्या संमतीने तो सार्वजनिक झाला. आज तेथे चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत.

सोन्याच्या अंड्यांनी तर सगळाच गोंधळ केला आहे. इंग्रजीत ती बदकाच्या जातीची हंसी देते, ला फाँतेनच्या फ्रेंचमध्ये कोंबडी देते आणि मराठीनेही कोंबडीच पसंत केली. पण पाली जातकांत एक सुवर्णहंस आहे. तो आपल्या गतजन्मीच्या कुटुंबाला एकेक सोन्याचे पीस देतो. लोभी बायको एकदम सगळी पिसे उपटते आणि ती साधी पांढरी होतात. कोणाची कथा आधीची, याचा निकाल देण्याचा आग्रह मला नाही. पंचतंत्राच्या बाबतीत मात्र वाट पावलोपावली दाखविता येते. सहाव्या शतकात इराणच्या खुश्रू नौशेरवानच्या दरबारी बुर्झोय या वैद्याने ते पहलवीत नेले. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने अरबीत 'कलीला व दिम्ना' केले, म्हणजे आपले करटक आणि दमनक. अरबीतून हिब्रू, तेराव्या शतकात लॅटिन, मग इटालियन, आणि १५७० मध्ये टॉमस नॉर्थचे इंग्रजी. सातूच्या पिठाच्या मडक्याखाली पडून संसार रचणारा ब्राह्मण वाटेत दुधाचा हंडा डोक्यावर घेतलेली गवळण झाला; ला फाँतेनने १६७८ मध्ये तिला गाठले. अंडी फुटण्याआधी पिल्ले मोजू नयेत, असे इंग्रज बजावतो. मराठीत त्याच माणसाला शेखमहंमदी मनोराज्य करणारा म्हणतात. तेव्हा १८०६ मध्ये तंजावरच्या महाराजांनी विलायतेची म्हणून जी बोधकथा राजवाड्यात आणली, तिच्या गोतावळ्यातील काही मंडळी शेजारच्या कपाटात संस्कृत पोथ्यांत आधीपासून बसलेली होती.

तंजावरात आलेल्या मराठी पाहुण्याला सांबाराची कथा हमखास ऐकायला मिळते. संभाजीराजे पाहुणे आले, आमसुले संपली होती, आचाऱ्याने चिंच घातली आणि आमटीला पाहुण्याचे नाव पडले. कथा गोड आहे, मराठी मनाला सुखावणारी आहे. समकालीन कागदाचा आधार तिला नाही. पॉशच्या तिकिटाला जो न्याय, तोच हिला द्यावा लागतो, मग पाहुणा आपल्या घरचा असला तरी. अशा कथा निरुपद्रवी वाटतात. पण त्या ज्या स्वयंपाक्यांनी, ज्या बायकांनी, ज्या तमिळ घरांनी तो पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या शिजविला, त्यांचे नाव पुसून राजाचे लिहितात. परैयराचे नाव शिवी म्हणून राहते आणि आचाऱ्याचे राहतच नाही.

कागद नाहीत असे नव्हे. बर्नेल यांची सूची संस्कृत ग्रंथांपुरती होती. राजवाड्याचे मराठी दप्तर तिच्या कक्षेबाहेर राहिले. मोडी लिपीतील ते कागद आठशेहून अधिक रुमालांत बांधलेले आहेत आणि मुख्यतः अठराव्या शतकाचा उत्तरार्ध व एकोणिसाव्याचा पूर्वार्ध यांतले आहेत. त्यांतल्या निवडक कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहे. मराठीत वाक्संप्रदायांचा मोठा कोश दाते आणि कर्वे यांनी १९४२ पासून काढला. त्यात अर्थ आहेत, वापर आहेत, परंतु हॉब्सन-जॉब्सनसारखे सालवार उतारे देण्यासाठी ज्या दप्तरांची गरज होती त्यांत तंजावरचेही एक आहे. तमिळ मुलखात दोन शतके बोलली गेलेली मराठी, तिच्यात मिसळलेली तमिळ व तेलुगू, साहेबाशी व्यवहार करताना आलेली इंग्रजी, हे सगळे त्या रुमालांत तारखेसह आहे. काम पुढे ढकलले की आपण ते 'बासनात गुंडाळले' म्हणतो. बासन म्हणजे पोथ्या-दप्तरे बांधायचे फडके, आणि सरस्वती महालात त्याचा हा मूळ अर्थ अजून वापरात आहे.